निळं पुस्तक, पिवळं पुस्तक

आमच्या घरात पुस्तकांना नावं नव्हती, रंग होते. माझी शाळेची पुस्तकं मी खाकी कागदात घालत असे, म्हणून ती सगळी खाकी. भिंतीवर एकच फोटो होता, निळ्या कोटातला, आणि त्या फोटोत हाताशी धरलेलं ते 'फोटोतलं पुस्तक'. आई ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जायची, त्या लेखकाच्या दोन कादंबऱ्या म्हणजे निळं पुस्तक आणि पिवळं पुस्तक. दोघींना छापील नावं आहेत, निळीला तर बक्षीसही मिळालं होतं. पण ती नावं मी इथे देणार नाही. मला सांगायचं आहे ते त्या कादंबऱ्यांपेक्षा आमच्या हौसामावशीबद्दल, आणि तिला चारचौघांत आपलं नाव झालेलं आजही खपत नाही. हौसा हेसुद्धा तिचं खरं नाव नव्हे. मी लिहायला बसले तेव्हा तिनेच फोनवर सुचवलं, "हौसा लिव्ह. लहानपणी मला ते नाव पायजे व्हतं."

लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. माझे वडील, अण्णा, रेल्वेत कीमन होते, रुळांच्या चाव्या ठोकून तपासायचं काम. खांद्यावर पाना आणि हातोडा, काखेत गुंडाळलेले लाल-हिरवे बावटे, अशी त्यांची रोज रुळांवरून चाल. घरी आल्यावरही ते टेबलाच्या पायावर, पलंगाच्या दांडीवर बोटाने ठकठक करून बघत, आणि आई म्हणायची, "हितं कुठली गाडी घसरणाराय?" घाटातून गाडी वर ढकलून आणणारी मागची इंजिनं आमच्या दाराच्या समोर सुटी व्हायची आणि सुटताना लांबलचक शिट्टी द्यायची. त्या शिट्टीत घरातलं बोलणं अर्धं बुडायचं. नवा पाहुणा दचकायचा. आम्ही तोंड उघडं ठेवून थांबायचो आणि शिट्टी संपली की वाक्य तिथूनच पुढे न्यायचो. अजूनही माझी बोलताना मध्येच थांबायची सवय गेलेली नाही, आणि माझ्या सुनेला वाटतं की मी विसरते.

आईचं माहेर आंदर मावळात, आणि हौसामावशीचं सासरही तिकडेच, दोन डोंगर पलीकडे. मावशी आईहून नऊ वर्षांनी लहान. तिला आईनेच कडेवर वाढवलेली. मी सात वर्षांची असताना एका दुपारी मावशी एकटीच आमच्या दारात येऊन उभी राहिली. टाकव्यापर्यंत पायी आली होती, कान्ह्याला गाडीत बसली होती. एका चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन. पाठीवर काय होतं ते आईने पोलकं वर करून बघितलं आणि मला बाहेर पिटाळलं. मी दारामागून ऐकत होते. मावशी म्हणत होती की आता तिकडे जाणार नाही. आई म्हणाली, "आसं कसं? आमी न्हाई का सोसलं? जा, नांद. आमच्या ह्यांना कळलं तर तेच तुला पोचवून येतील." आईच्या जागी दुसरी कोणी असती तरी त्या काळी हेच म्हणाली असती. पण ते म्हणाली ती आईच. मावशी जेवली, नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी, मग घटकाभर आडवी झाली. तीनच्या सुमाराला आई चुलीपुढे संध्याकाळच्या भाकऱ्या थापत होती, मावशी दाराशी गेली, काहीतरी बोलली, आणि नेमकी त्याच वेळी इंजिनाची शिट्टी झाली. आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली तोवर दारात कोणी नव्हतं.

सासरी ती पोचलीच नाही. चार दिवसांनी तिचा नवरा दारू पिऊन आमच्या दारात आला. त्यानंतर वर्षातून दोन-तीनदा यायचाच. आईने त्याला सांगितलं, अण्णांना सांगितलं, माहेरी सांगितलं, "आली, जेवली, आनवानी निघून गेली." त्या सबंध उन्हाळ्यात आईच्या पायांत चपला नव्हत्या. हरवल्या म्हणायची. रुळांकडेच्या खडीवरून ती पाय उचलून उचलून चालायची ते मला आठवतं. पण सात वर्षांच्या पोरीला दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायचं सुचत नाही.

आईच्या मनात घोळत राहिला तो एक शब्द. आपल्यात घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं. 'जाते' म्हटलं तर मोठी माणसं परत बसवून पाणी प्यायला लावतात. मावशी दारात काय म्हणाली होती? 'येते' म्हणाली असेल तर कुठेतरी आहे, कधीतरी येईल. 'जाते' म्हणाली असेल तर पवनेचं धरण काही लांब नव्हतं. आई मला मधूनच विचारायची, "शोभे, तू भाईर व्हतीस, तुला काय ऐकू आलं?" मी चाळीच्या मागच्या पायरीवर चिक्कीचा चुरा खात बसले होते. मला फक्त शिट्टी ऐकू आली होती.

पुढच्या वर्षी आईला तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर स्वयंपाकाचं काम लागलं. तिथे एकटेच राहायचे ते लेखक, बायको वारलेली, मुलगी परदेशात. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. साहेबांना आईच्या हातची तांदळाची भाकरी फार आवडायची, रोज दोन मोजून. स्वयंपाकघरात स्टूल टाकून ते बसायचे आणि आईला बोलतं करायचे. याला तुमच्याकडे काय म्हणतात, भात कसा लावतात, असं चाललेलं असायचं. एकदा तांदूळ निवडता निवडता आईने त्यांना हौसामावशीचं सगळं सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. आई घरी आली ती हलकी होऊन आली. "साहेबांनी लिव्हून घेतलंय," ती अण्णांना म्हणाली. तिची पक्की समजूत झाली की साहेब आता चौकशी करणार. मोठा माणूस, कलेक्टरपर्यंत ओळखी, ते शोध लावणार आणि लागलेला शोध पुस्तकात छापणार.

आज कोणी हसेल. मीही कॉलेजात असताना हसले होते. पण आईचं शिक्षण त्या एका फोटोएवढं होतं. त्या फोटोतल्या पुस्तकाबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं की त्यात लिहिलं आणि आपल्या माणसांना पाणवठा मोकळा झाला. लिहिलं म्हणून झालं. असं ज्या बाईने घरात ऐकलेलं, तिला कादंबरी म्हणजे काय हे कोण समजावणार? तीन वर्षांनी निळं पुस्तक छापून आलं. साहेबांनी एक प्रत आईला दिली. आईने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फोटोखालच्या फळीवर ठेवली आणि मला बजावलं की हात लावायचा नाही. "त्यात हौसाचं काय झालं ते हाय. माझी ताकद झाली की मी सांगीन, मग वाच." पुढे काही वर्षांनी पिवळं पुस्तक आलं. ते साहेबांनी माझ्या हातात दिलं, म्हणाले, "हे शोभासाठी." तेही त्याच पिशवीत गेलं. नंतर साहेब अधूनमधून विचारायचे, वाचलंस का, आणि मी बिनदिक्कत हो म्हणायचे.

असं ते निळं पुस्तक आठ वर्षं न वाचता आमच्या घरात राहिलं. मग मी लोणावळ्याच्याच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेले आणि मराठीच्या मॅडमनी वीस मार्कांचा निबंध दिला: एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्यांची तुलना करा आणि त्यांतली श्रेष्ठ कोणती ते सकारण लिहा. मुदत पंधरा दिवस. लायब्ररीत ज्याला त्याला हवी ती पुस्तकं आधीच कोणीतरी नेलेली. माझ्या घरी दोन्ही तयार होती. मी आईला विचारलं. तिने परातीतलं पीठ मळून झाकून ठेवलं. मग म्हणाली, "तू वाचणारच हायेस तर मला बी ऐकव. बारा वर्सं झाली. आता सोसल."

मग रोज दुपारी, ती बंगल्यावरून आल्यावर, आमचं वाचन सुरू झालं. आई सूप घेऊन बसायची आणि मी भिंतीला टेकून मोठ्याने वाचायचे. निळी कादंबरी खरोखर चांगली आहे, हे मी आजही म्हणेन. मी पुढे तीस वर्षं वडगावच्या शाळेत मराठी शिकवलं, तेवढं कळायला लागलं आहे. वाक्यं भरीव, एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. नायिकेचं नाव गंगू, पण नखशिखांत आमची मावशी. सासूने धान्याच्या कणगीला लावलेलं कुलूप, पाठीवरचे वळ, टाकव्यापर्यंतची वाट. आणि बहीण. गंगूची बहीण चुलीपुढे बसून म्हणते, जा, नांद. ते पान वाचताना माझा आवाज खाली गेला. आई म्हणाली, "मोठ्यानं वाच. बरोबर लिव्हलंय. मी आसंच म्हणले व्हते." तिच्या सुपातला तांदूळ तिथल्या तिथे फिरत राहिला. मला तेव्हा साहेबांचा मनस्वी राग आला. बाईने विश्वासाने सांगितलं आणि यांनी ते जसंच्या तसं उतरवून बक्षीस घेतलं.

शेवटचं प्रकरण मी आदल्या दिवशी कॉलेजात एकटीने वाचलं. गंगू बहिणीच्या दारात उभी राहते. अनवाणी. 'जाते गं' म्हणते. मग चार पानं नुसती तिची अनवाणी पावलं, धुळीत, दगडांवर, धरणाच्या ओल्या काठावर, आणि मग पाणी. त्या चार पानांवर टीकाकारांनी म्हणे आठ-आठ पानं लिहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आई सूप घेऊन बसली आणि मी म्हणाले, "शेवटची पानं फाटलीत गं, बहुतेक उंदराने." आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. "आमच्या पिशवीत उंदीर?" ती म्हणाली. मग शांतपणे, "बुडाली ना?"

मी तिला समजवायला लागले. आई, ही कादंबरी आहे. साहेबांनी हे मनाने लिहिलंय. त्यांना तरी काय माहीत मावशीचं काय झालं? आईने ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "मग त्ये बी मनानंच लिव्हलं व्हय?" बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी, सगळ्या वर्गात वाचाळ म्हणून नाव होतं माझं, पण त्या प्रश्नावर आजही मला चार ओळींचं सरळ उत्तर जमणार नाही. "'जाते' म्हणाली व्हती तर," आई म्हणाली. "मला वाटलंच व्हतं."

ती रडली नाही, हेच वाईट होतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आली, आणि अण्णांना म्हणाली की येत्या रविवारी हौसाचं पुण्यानुमोदन करायचं, तिच्या नावाने जेवण घालायचं. बारा वर्षं तिचं काही केलेलं नाही, तिला शांती नसेल. अण्णांनी मान हलवली. गावी मामाला निरोप गेला. एकदा चारचौघांत पुण्यानुमोदन झालं की मावशी कायमची गेली, मग तिची वाटही बघायची नाही आणि तिचा विषयही काढायचा नाही. आणि हे सगळं कशावरून, तर एका कादंबरीवरून, जी मी फळीवरून खाली काढली होती. आईने साहेबांना एक शब्दही विचारला नाही. बक्षीस मिळालेल्या माणसाला काय विचारायचं, असं तिचं.

शुक्रवार उजाडला. निबंध सोमवारी द्यायचा होता आणि पिवळं पुस्तक मी अजून उघडलंही नव्हतं. दुपारी आई रविवारच्या जेवणाचे तांदूळ निवडायला बसली. पिवळं ऐकायचं नाही म्हणाली, आता काय राहिलंय ऐकायचं. मी आपली खिडकीशी बसून पुटपुटत वाचत होते. मॅडम वर्गात म्हणाल्या होत्या की ही दुसरी कादंबरी फसलेली आहे, लेखकाचा हात सैल पडला आहे, आणि ते खरंच होतं. वाक्यं साधी, कुठेकुठे तर घाईने लिहिल्यासारखी. मंजुळा नावाची एक बाई सासर सोडून निघते आणि गाडीत बसते, आणि लांबच्या गावी एका दवाखान्यात चादरी धुण्याचं काम करते, एवढीच गोष्ट. मी वाचत होते: मंजुळाने बहिणीच्या चपला घातल्या होत्या. त्या तिला दोन बोटं मोठ्या होत होत्या, म्हणून तिने पुढे चिंधी कोंबली होती. डाव्या चपलेच्या पट्ट्याला लाल बावट्याच्या दोऱ्याने टाका घातलेला होता, तो चालताना तिच्या अंगठ्याला लागत होता.

"काय म्हणलीस?" आई म्हणाली.

मी परत वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग सूप बाजूला ठेवून उठली, माळ्यावर चढली, मागच्या बाजूचा एक पत्र्याचा डबा काढून खाली आली आणि माझ्यापुढे उघडला. आत चपला होत्या. बायकी, लहान, एकीच्या अंगठ्याला गंजलेली सेफ्टी पिन.

"ती माझ्या घालून गेली," आई म्हणाली. "तिच्या हितंच ऱ्हायल्या. मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं आसतं तर तो म्हणला आसता, तूच चपला दिऊन पळवलीस. तुझ्या अण्णांनी बी तेच म्हणलं आसतं. म्हणून मी आनवानी सांगितलं." मग तिचा आवाज बदलला. "आन माझ्या मनात सारकं यायचं शोभे, मरायला जाणारी बाई कशाला चपला बदलंल? त्यावरच तर इतकी वर्सं काढली मी. पर पुस्तकात आनवानी लिव्हलं, म्हणलं, वाटंत काढून टाकल्या आसतील."

"साहेबांना सांगितलं होतंस? चपलांचं?"

"कुणालाच न्हाई म्हणतेय ना. आन त्यो दोरा. तुझ्या अण्णांनी बावट्याची शिवण उसवून काढला व्हता. त्ये तर त्यांना रेल्वेच्या साहेबाची भीती म्हणून मला बी बोलू देत नव्हते."

तोवर मी निळ्या पुस्तकावरून आणि मॅडमच्या टिपणांवरून पंधरा-वीस मुद्दे काढले होते. भाषा, निवेदन, पाण्याचं प्रतीक, काय काय. आणि अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या आईने दोन कादंबऱ्यांमधला एकच फरक दाखवला, जो कोणत्याही टीकाकाराला दिसला नव्हता: निळीतली बाई अनवाणी आहे आणि पिवळीतलीच्या पायांत चपला आहेत. निळीतलं सगळं आईने सांगितलेलं होतं. पिवळीतलं साहेबांना दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं होतं. आणि ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं. मी घाईघाईने शेवटचं पान काढलं. तिथे मंजुळाच्या आठवणीत बहिणीचं दार येतं आणि ती म्हणते, 'येते'.

आई पदर खोचूनच निघाली. तुंगार्लीच्या चढावर मी मागे पडत होते. साहेब व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते. आई स्वयंपाकघराच्या दाराने जायची ती त्या दिवशी पुढच्या पायऱ्यांनी गेली आणि उभ्यानेच विचारलं, "साहेब, लाल दोरा तुमाला कुणी सांगितला?"

साहेबांनी पेपराची घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वाचलंस म्हणजे. फार उशीर लावलास."

मग त्यांनी सांगितलं. निळं पुस्तक येऊन दोन वर्षं झाली असताना एक दिवस दुपारी फाटकाशी एक बाई आली. मिरजेच्या एका दवाखान्यात ती चादरी धुवायचं काम करत होती. तिथली एक नर्स दुपारच्या सुट्टीत बायकांना कादंबऱ्या वाचून दाखवायची, तिने ही वाचली. कणगीचं कुलूप आलं, टाकव्याची वाट आली, आणि ही उठून उभी राहिली. पुस्तकातला पत्ता नर्सकडून लिहून घेऊन आली होती. "फाटकातूनच मला म्हणाली," साहेब म्हणाले, "साहेब, मी जित्ती हाय. मला कशापायी बुडवलंत?"

साहेब पुढे म्हणाले की त्यांनी तिला आत बोलावलं, सांगितलं की तुझी बहीण इथेच काम करते, अर्ध्या तासापूर्वी घरी गेली, बोलावू का. तर ती नकोच म्हणाली. नवरा अजून आक्काच्या दारात येतो हे साहेबांच्या बोलण्यातून तिला कळलं होतं. आक्काला कळलं तर तो तिच्याकडून काढून घेईल, नाहीतर दाजी पोचवायला निघतील. तिने साहेबांकडून वचन घेतलं की पत्ता सांगायचा नाही, भेटल्याचंही नाही. "मी शब्द दिला होता," साहेब म्हणाले. "शब्द मोडता येईना आणि गप्पही बसवेना. म्हणून लिहिलं आणि शोभाच्या हातात दिलं. मला वाटलं, आज वाचेल, उद्या वाचेल. तिचं हो खोटं आहे हे मला कळत होतं."

मी खोटं बोलले होते ते खरंच. पण मला त्यांचा जो राग त्या व्हरांड्यात आला तो अजून पुरता गेलेला नाही. पाच-सहा वर्षं हा माणूस रोज आईच्या हातच्या भाकऱ्या खात होता आणि समोर तिला झुरताना बघत होता. शब्द पाळला म्हणे. एवढंच म्हणायचं होतं, बाई, काळजी करू नकोस. पत्ता कोणी मागितला होता? आई मात्र रागावली नाही. तिला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"जेवली का हितं?"

"हो. तू करून ठेवलेल्या भाकऱ्या होत्या. पहिला घास घेतला आणि म्हणाली, ही आक्काच्या हातची."

"किती खाल्ल्या?"

"दोन्ही. मी त्या दिवशी पाव खाल्ला."

तेव्हा आई व्हरांड्याच्या पायरीवर बसली. पदर तोंडाला लावला आणि बारा वर्षांचं रडली. जीव भांड्यात पडणे हा वाक्प्रचार मी पुढे मुलांना शेकडो वेळा वाक्यात उपयोग करायला दिला, पण तो पडताना मी फक्त त्या दिवशी बघितला. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि साहेबांना सांगितलं की आता पत्र लिहा. हौसाला कळवा की तिच्या नवऱ्याने दुसरी केली, त्यालाही चार वर्षं झाली, तो आता कोणाच्या दारात येत नाही. ज्याला ती भीत होती तो भिण्यासारखा राहिलेलाच नव्हता, आणि हे तिला सांगायला कोणी नव्हतं.

रविवारचं जेवण मात्र झालं. निरोप गेले होते, तांदूळ निवडून झाले होते, मामा गावाहून खेकडे घेऊन आला होता. पंचवीस पानं उठली. मामाने आईला बाजूला घेऊन विचारलं की पुण्यानुमोदनाचं काय ते अजून कोणी कसं काढत नाही, भन्तेजी कुठे आहेत. मावशीचं पत्र येईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं आईने ठरवलं होतं. ती त्याला म्हणाली, "ते न्हाई करायचं. शोभीचा निबंध पुरा झाला, म्हणून जेवान हाय." मामाने माझ्याकडे बघितलं, कालवणाची वाटी पुढे केली आणि म्हणाला, "लय मोठा लिव्हला आसशील."

लिहिला होता. सोळा पानं. निळी कादंबरी अधिक चांगली लिहिलेली आहे आणि पिवळी अधिक श्रेष्ठ आहे, असं मी ठोकून दिलं होतं. कारण काय द्यायचं? चपला असं लिहिता येत नव्हतं, मावशीचं गुपित होतं ते. मग नायिका जिवंत राहते, जगणं हे मरणापेक्षा अवघड, वगैरे भरती केली. मॅडमनी वीसपैकी अकरा दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'भावनेच्या आहारी'. त्यांचं चुकलं नव्हतं.

महिन्याने हौसामावशी आली. पुण्याला उतरून लोकलने लोणावळ्यापर्यंत. आम्ही तिघं फलाटावर उभे होतो, अण्णा धुतलेला शर्ट घालून. मला ती ओळखू आली नाही. दंडात भरलेली, केसांत थोडं पांढरं, खांद्याला पर्स. आई तिच्या समोर जाऊन उभी राहिली. अण्णांनी घसा खाकरला. मग आई म्हणाली, "माझ्या चपला कुटायत?"

"झिजल्या," मावशी म्हणाली.

दोघींचं हसू आणि रडू एकदमच फुटलं, आणि चहावाल्याने किटलीसकट वळसा घातला. घरी आल्यावर अण्णांनी तिला पाटावर बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, "मी पोचवलं नसतं." एवढंच. खरं असेल किंवा नसेलही. मावशी म्हणाली, "व्हय दाजी." ती पाच दिवस राहिली. आईने उकड करून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुकट भाजली, हुलग्याचं माडगं केलं. मावशीने सगळं खाल्लं आणि दवाखान्यातल्या बायकांची नक्कल करून आम्हाला हसवलं.

पाचव्या दिवशी दुपारी आई चुलीपुढे थापत होती, मावशी शेजारी निखारे पुढे ओढून देत होती. आईने तिच्याकडे न बघताच विचारलं, "त्या दिशी दारातून काय म्हणली व्हतीस गं? शिट्टी झाली. साहेबांनी एकात 'जाते' लिव्हलं, एकात 'येते'."

मावशीने आठवून बघितलं. "काईच न्हाई म्हणले," ती म्हणाली.

"म्हणली व्हतीस. मला आवाज आला."

"तुझी चप्पल उंबऱ्याला आडकली, मोठी व्हती ना, तर आई गं म्हणले आसन. बाकी काय न्हाई. तू वळून बघशील म्हणून तोंड उघडायची भीती वाटली मला."

आईची भाकरी हातातच राहिली. बारा वर्षं तिने जो शब्द आलटून पालटून बघितला, ज्याच्यावरून दोन कादंबऱ्या झाल्या, तो कोणी उच्चारलाच नव्हता. मला वाटलं आता तिला वाईट वाटेल. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई." आणि मग थोड्या वेळाने परत, "बरं झालं."

संध्याकाळच्या गाडीला मावशी निघाली. पायांत तिच्या स्वतःच्या मापाच्या चपला होत्या. आई या वेळी चूल सोडून, पिठाचे हात तसेच घेऊन दाराशी आली. मावशीने पर्स खांद्याला लावली, उंबरा ओलांडला, मागे वळली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागचं इंजिन सुटलं आणि शिट्टी सुरू झाली. मावशी थांबली. आई थांबली. अण्णा हातात तिची पिशवी घेऊन थांबले. शिट्टी पुरती संपली, तिचा घाटातला पडसादही संपला, आणि मग मावशी म्हणाली, "येते गं आक्का."

"ये," आई म्हणाली.